चरकाचं शेवटचं चाक : फिरतं हळू, झेलतं सगळ्यात जास्त



ऊस तोडून गुऱ्हाळावर आणून टाकला आहे. चुलवाण पेटलं आहे, काहिल धुऊन तयार आहे, गुळव्या येऊन बसला आहे. आणि नेमक्या अशा वेळी कडाड असा आवाज होतो नि चरक जागच्या जागी थांबतो. वाकून पाहावं तर मोठ्या चाकाचे दोन-तीन दाते तुटून खाली पडलेले. नवं चाक मिळवायला, बसवायला चार दिवस लागणार. तोडलेला ऊस मात्र चार दिवस थांबत नाही. तोडणीपासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळावा असं आपण नेहमी सांगतो, ते उगीच नव्हे. पुढे जसजसा वेळ जातो तसतसं उसाचं वजन घटतं, रसातली साखर फुटू लागते, आणि मग गूळ घट्ट बसत नाही, रंगालाही मार खातो.

गेल्या हंगामात अशाच एका गुऱ्हाळावर मी गेलो होतो. मालक म्हणाले, "साहेब, चाकच खराब निघालं बघा."

मी विचारलं, "चरकात काही बदल केला होता का?"

"बदल काही नाही. दहाची मोटर काढून पंधराची बसवली. पट्टा घसरत होता, तेवढा ताणून घेतला."

बंधूंनो, दोष चाकाचा नव्हता. दोष या दोन दुरुस्त्यांचा होता. तो कसा, हे कळायचं असेल तर मोटरीपासून रोलरपर्यंत जोर कसा पोचतो, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

मोटर पळते, चरक चालतो

आपल्या नेहमीच्या तीन फेज मोटरीच्या पाटीवर मिनिटाला १४४० किंवा त्याच्या आसपास फेरे लिहिलेले असतात. चरकाचे रोलर या वेगाने फिरवले तर काय होईल? ऊस पकडला जाण्याऐवजी फेकला जाईल, आणि पकडला गेलाच तर रस निथळायला सवड मिळणार नाही. उसाला सावकाश आणि दाबून पिळावं लागतं. म्हणून रोलर मिनिटाला दहा-बारा फेरेच घेतो. जुन्या बैलचरकात ही अडचण नव्हती. बैलाची चालच मुळात संथ, त्याच्या जुवाला लावलेली लांब दांडी थेट रोलर फिरवायची. मोटर आली आणि वेग उतरवण्याचं नवं काम निर्माण झालं. ते काम पुली, पट्टा आणि दातेरी चाकं मिळून करतात.

एक उदाहरण घेऊ. मोटर दहा अश्वशक्तीची. तिच्यावर सहा इंची पुली, समोरच्या शाफ्टवर तीस इंची पुली. पाचपट फरक, म्हणून समोरचा शाफ्ट १४४० ऐवजी २८८ फेरे घेतो. या शाफ्टवर १५ दात्यांचं लहान चाक आहे, त्याला मिस्त्री लोक पिनियन म्हणतात. ते ७५ दात्यांच्या मोठ्या चाकात अडकलेलं आहे. पिनियनचा एक फेरा झाला की मोठं चाक पंधराच दाते पुढे सरकतं. पंचाहत्तर दाते पुरे व्हायला पिनियनला पाच फेरे घ्यावे लागतात. म्हणजे पुन्हा वेग पाचव्या हिश्श्यावर आला : साधारण ५८ फेरे. त्या शाफ्टवर पुन्हा १५ दात्यांचं पिनियन आणि त्यापुढे ७५ दात्यांचं शेवटचं चाक. हे शेवटचं चाक मुख्य रोलरच्या शाफ्टवर बसवलेलं असतं, आणि ते मिनिटाला फिरतं साडेअकरा वेळा.

वेग दिला, जोर घेतला

आता यातली खरी गंमत पाहा. वेग पाचपट उतरला की पिळण्याचा जोर पाचपट चढतो. दगड उलथताना आपण लांब पहार वापरतो. हाताकडचं टोक हातभर खाली जातं तेव्हा दगड चार बोटं उचलला जातो, पण उचलला जातो. दातेरी चाक म्हणजे न थांबता फिरणारी पहारच. ते नवी शक्ती निर्माण करीत नाही. वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, असा हा रोखीचा व्यवहार आहे. शिवाय प्रत्येक टप्प्यावर थोडी दलाली घर्षणापायी जाते.

हिशोब असा मांडता येतो. प्रत्येक शाफ्टला एक मीटर लांबीची पहार आडवी बांधली आहे असं समजा. तिच्या टोकाला किती वजन टांगलं तर शाफ्ट तोलून धरला जाईल?

मोटरीचा शाफ्ट : १४४० फेरे, वजन सुमारे ५ किलो
पट्ट्यानंतरचा शाफ्ट : २८८ फेरे, वजन २५ किलो
मधला शाफ्ट : ५८ फेरे, वजन १२५ किलो
मुख्य रोलरचा शाफ्ट : साडेअकरा फेरे, वजन ६२५ किलो

घर्षणातली घट वजा केली तरी शेवटी पाचशे किलोंच्या वर जोर उरतो. सुरुवातीला पाच किलो, शेवटी पाचशेच्या वर, आणि मोटर तीच.

हा जोर दात्यावर किती येतो तेही पाहू. शेवटचं चाक अडीच फूट व्यासाचं, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर धरलं, तर त्याच्या काठावरच्या दात्यांवर सुमारे १,४०० किलोंचा भार येतो. पन्नास किलोची अठ्ठावीस पोती! आणि चाकाला दाते पंचाहत्तर असले तरी हा भार पंचाहत्तर दाते वाटून घेत नाहीत. एका वेळी फक्त एक-दोन दातेच पिनियनशी भिडलेले असतात. अठ्ठावीस पोत्यांचं ओझं त्या एक-दोन दात्यांच्या अंगावर.

म्हणूनच शेवटचं चाक सगळ्यात मोठं, त्याचे दाते सगळ्यात जाड व रुंद, आणि त्याचा शाफ्टही सगळ्यात जाड असतो. मोटरीचा शाफ्ट मनगटापेक्षा बारीक आणि रोलरचा शाफ्ट एवढा दणकट का, याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल.

या मुख्य रोलरवर आणखी एक दातेरी चाक असतं. ते बाकीच्या दोन रोलरांना फिरवतं. या चाकांचे दाते इतर चाकांपेक्षा लांब असतात, कारण रोलरमधली फट आपण कमी-जास्त करतो आणि फट वाढली तरी दाते एकमेकांत अडकलेले राहायला हवेत. फट प्रमाणाबाहेर वाढवली तर दात्यांची फक्त टोकं टेकतात, आणि टोकावर भार आला की दाता मुळातून मोडतो.

पट्टा घसरतो तो तुमच्या भल्यासाठी

आता त्या गुऱ्हाळमालकांच्या गोष्टीकडे येऊ. मोटर काही सदासर्वकाळ पूर्ण जोर लावत नाही. उसाला लागेल तेवढाच जोर ती देते. पण एकदम मोठी मोळी कोंबली, रोलर फार आवळलेले असले, किंवा उसाबरोबर दगड, विळा, एखादा नट आत गेला, की चरक अडतो. अडला की मोटर आपला सगळा जोर पणाला लावते. तो जोर क्षणभर नेहमीच्या पूर्ण जोराच्या दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. तो पुढे सव्वाशेपट होऊन शेवटच्या चाकावर आदळतो.

अशा वेळी सर्वात आधी घसरायला हवा तो पट्टा. पट्टा घसरला, चरक थांबला, तर नुकसान पाच मिनिटांचं. आपल्या मालकांनी पट्टा इतका ताणला की तो घसरेना, आणि मोटर दीडपट मोठी केली. पंधरा अश्वशक्तीच्या मोटरीचा पूर्ण जोर लागला की अठ्ठावीस पोत्यांच्या जागी बेचाळीस पोती दात्यावर येतात. वर अडकण्याचा झटका वेगळाच. पट्टा सुटेना, मोटर थांबेना, मग जे मोडायचं ते मोडलं.

पट्टा वारंवार घसरत असेल तर तो का घसरतो ते आधी शोधा. पट्ट्यावर तेल पडलं आहे का? रोलर जास्त आवळले आहेत का? ऊस प्रमाणाबाहेर लावला जातो आहे का? बुश कोरडे पडले आहेत का? पट्ट्याला डांबर किंवा राळ फासून तो चिकटवून टाकणं हा इलाज नव्हे. मोठी मोटर बसवायचीच असेल तर चाकं, शाफ्ट आणि बुश तिला पेलतील का, हे चरक बनवणाऱ्याला विचारूनच बसवावी. काही यंत्रांत चाक वाचावं म्हणून मुद्दाम नरम बोल्ट घातलेला असतो. तो तुटला की तसाच नरम बोल्ट घालावा. 'हा सारखा तुटतो' म्हणून कडक पोलादी बोल्ट घालू नये.

आधी बुश, मग पिनियन, मग चाक

शेवटचं चाक एका दिवसात मरत नाही. बहुतेक वेळा दुखणं दुसरीकडे सुरू होतं. शाफ्टचे बुश झिजतात, शाफ्ट थोडा कलतो किंवा बाजूला सरकतो. मग दाते पूर्ण रुंदीने टेकत नाहीत, एका कोपऱ्यावरच टेकतात. सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो आणि तिथून चीर सुरू होते. बुश बदलायला थोडे पैसे लागतात. ते वाचवले की पिनियन जातं. पिनियनकडे काणाडोळा केला की मोठं चाक जातं.

पिनियन आधी का झिजतं? मोठं चाक एकदा फिरतं तेव्हा पिनियन पाच वेळा फिरतं. त्याचा प्रत्येक दाता पाचपट वेळा घासला जातो. म्हणून पिनियन चांगल्या पोलादाचं असावं लागतं. त्याचे दाते टोकाला धारदार, चोचीसारखे दिसू लागले की ते बदलावं. झिजलेलं पिनियन मोठ्या चाकाचे दातेही आपल्यासारखेच वाकडे घासून टाकतं. आणि मोठं चाक घेणं पिनियनपेक्षा कितीतरी महाग पडतं.

दाते नीट टेकतात का हे पाहायला मिस्त्रीच हवा असं नाही. वीज तोडा, पट्टा उतरवा, दाते रॉकेलने स्वच्छ पुसा. थोडा गेरू गोड्या तेलात कालवून पिनियनच्या दात्यांना पातळ लावा आणि मोठी पुली हाताने हळू फिरवा. मोठ्या चाकाच्या दात्यांवर गेरूचा पट्टा उमटेल. तो दात्याच्या मध्यावर आणि जवळजवळ पूर्ण रुंदीभर उमटला तर चाकं जुळली आहेत. एका कडेलाच उमटला तर शाफ्ट कलला आहे. फक्त टोकाला उमटला तर चाकं लांब गेली आहेत.

दोन दात्यांमध्ये थोडी मोकळीकही हवी. एवढ्या मोठ्या दात्यांना दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्याइतकी तरी मोकळीक लागतेच. चाकं अगदी घट्ट भिडवली तर ती तापतात आणि बुशांवर ताण येतो.

चरक काय बोलतो ते ऐका

चालू चरकाजवळ सुरक्षित अंतरावर उभे राहा, घड्याळ हातात घ्या आणि ठोका ऐका. वर दिलेल्या हिशोबातल्या चरकात ठोका पाच सेकंदांनी एकदा पडत असेल तर बिघाड शेवटच्या चाकात किंवा रोलरच्या शाफ्टवर आहे. सेकंदाला एक पडत असेल तर मधला शाफ्ट पाहा. सेकंदाला चार-पाच ठोके, म्हणजे जवळजवळ खडखडाट होत असेल, तर पहिला शाफ्ट किंवा मोठी पुली. तुमच्या चरकाचे दाते मोजा, फेरे काढा आणि हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. बिघाड कुठे आहे हे मिस्त्री येण्याआधीच तुम्हाला कळेल.

वंगणाचं गणित उलटं आहे

पुष्कळांचा समज असा की जे जोरात फिरतं त्यालाच वंगण जास्त लागतं. वेगाने फिरणारं चाक तेल आपल्याबरोबर ओढून घेतं आणि दात्यांमध्ये तेलाचा थर धरून ठेवतं. हळू फिरणाऱ्या चाकाला ते जमत नाही. शिवाय भार एवढा, की पातळ तेल बाजूला पिळून निघतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून उघड्या, संथ चाकांना दाट, चिकट ग्रीस लागतं. इंजिनातलं काढलेलं काळं तेल तिथे उपयोगाचं नाही.

जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस थापू नका. त्यात धूळ आणि चिपाडाचा भुसा मिसळलेला असतो, ते पॉलिश पेपरसारखं दाते घासत राहतं. आधी खरवडून, रॉकेलने पुसून घ्यावं, मग नवं लावावं. उसाचा रस आंबट असतो, त्याने लोखंड खातं. रोज काम संपल्यावर रोलर व आसपासचा भाग धुवावा, पण पाणी चाकांच्या दात्यांवर उडवू नये. आणि चाकांचं ग्रीस रसात ठिबकणार नाही अशी पत्र्याची आड नक्की हवी. गूळ खाण्याची वस्तू आहे.

चाकं बंद पेटीत असतील तर तेलाची पातळी यंत्र थांबल्यावर पाहावी आणि पुस्तिकेत सांगितलेलंच गिअर ऑइल घालावं. तेल पांढरट, ताकासारखं झालं असेल तर आत पाणी गेलं आहे असं समजावं आणि ते बदलावं.

हाच नियम तुमच्या रोटाव्हेटरलाही लागू आहे. ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, पात्यांचा शाफ्ट त्याहून बराच कमी. तिथेही बाजूच्या पेटीतल्या शेवटच्या चाकावर सगळ्यात जास्त भार येतो, आणि तिथलंच तेल पाहायचं आपण विसरतो.

हळू आहे म्हणून हात घालू नका

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पळत्या पट्ट्याला सगळे भितात. हळू फिरणाऱ्या चाकाला कोणी भीत नाही. तिथे बसून माणसं बोलतात, चालू चरकात दात्यातलं चिपाड बोटाने काढतात, मुलं जवळ खेळतात. वरचा हिशोब आठवा. पट्ट्याकडे पाच किलोचा जोर, तर या संथ चाकाकडे पाचशेहून जास्त. जे उसाचं चिपाड करतं त्याला हाताचं हाड जड नाही. बोट अडकलं म्हणून चरक थांबणार नाही, मोटरीच्या आवाजातही फरक पडणार नाही.

आणि 'हळू' म्हणजे तरी किती हळू? शेवटच्या पिनियनचा काठ सेकंदाला सुमारे ४५ सेंटिमीटर सरकतो. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. म्हणजे एक सेकंद. एका सेकंदात ओरडायलाही होत नाही, बटण दाबणं तर दूरच.

म्हणून चाकांवर पत्र्याचं किंवा जाळीचं झाकण हवंच. ऊस लावायची जागा इतकी लांब हवी की हात रोलरपर्यंत पोचूच नये. बटण ऊस लावणाऱ्याच्या हाताशी हवं, खोलीच्या पलीकडे भिंतीवर नव्हे. उपरणं, पदर, मोकळे केस, सैल बाह्या घेऊन चरकाजवळ उभं राहू नये. झोप आलेल्या माणसाला रात्रपाळीत ऊस लावायला बसवू नये.

इतकं करूनही कुणाचा हात अडकलाच तर ओढू नका. आधी वीज तोडा, मग मोठी पुली हाताने उलटी, सावकाश फिरवा. पंचवीसपट जोराचा तोच हिशोब इथे आपल्या मदतीला येतो आणि एक माणूसही रोलर मागे फिरवू शकतो. हात सुटला की स्वच्छ कापडाने दाबून बांधा आणि लगेच दवाखाना गाठा. हा उलट फिरवण्याचा सराव हंगामाच्या पहिल्या दिवशी, रिकाम्या चरकावर, सगळ्या गड्यांकडून एकदा करून घ्या.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढं करा

१. वीज तोडून चाकांवरचं जुनं ग्रीस काढा. दाते घासून पुसा आणि मुळाशी चीर आहे का पाहा.

२. शाफ्टखाली पहार घालून हलकेच उचलून पाहा. शाफ्ट खालीवर हलला तर बुश बदला.

३. पिनियनचे दाते चोचीसारखे झाले असतील तर ते आत्ताच बदला. एक जादा पिनियन घरात ठेवा.

४. गेरू लावून दाते कसे टेकतात ते पाहा.

५. चाक शाफ्टवर घट्ट धरणारी चावी सैल झाली आहे का पाहा. सैल चावी प्रत्येक फेऱ्याला हातोडीसारखा ठोका देते.

६. दाता मोडला आणि वेल्डिंग करून घेतलं, तर तो हंगाम निभावण्यापुरताच इलाज समजा. ऊस कमी लावा आणि पुढल्या हंगामाला चाक बदला.

७. पट्टा बेताचा ताणा. चरक अडला की तो घसरला पाहिजे.

८. झाकणं बसवल्याशिवाय बटण दाबू नका.

त्या गुऱ्हाळमालकांनी पुढे काय केलं? नवं चाक घातलं, बुश बदलले आणि दहाची मोटर परत बसवली. पट्टा आता अधूनमधून घसरतो. तो घसरला की ते गड्यांना म्हणतात, "थांबा रे, चरक काहीतरी सांगतोय." मग वीज तोडून बघतात. कधी मोळी जाड असते, कधी उसात दगड निघतो. त्यानंतर चाकाचा एकही दाता तुटलेला नाही आणि सगळ्यांचे हात शाबूत आहेत. तुमच्याही चरकाजवळ असंच असावं.